सहा साळुंक्या आणि रांजणाचं झाकण

एका राज्यात गादीवर बाईच बसे. राजा नव्हताच. राणीचा नवरा असे, तो आपली शेतीवाडी बघे आणि सुखात राही. राज्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की कोणीतरी उठतं आणि म्हणतं, आमच्या मावशीचं सासर तिथलंच. मग गोष्ट राहते बाजूला.

तर त्या राज्यात वाड्याच्या अंगणात एक जांभूळ होतं आणि त्यावर सहा साळुंक्या बसत. दिसायला साळुंक्या, पण होत्या सहा राण्या. सगळ्यांत वरच्या फांदीवर बसे ती म्हाळसा, पहिली राणी. खालच्या पाच जणी तिच्यामागून एकेक करून गादीवर बसल्या आणि तिच्यासारख्याच पक्षी झाल्या. गोष्ट आहे ती या म्हाळसेची. अंगावर पिसं आली तरी बाईचा ठसका गेला नव्हता.

कसं झालं ते ऐका. साठ वर्षांमागे म्हाळसा गादीवर होती. घोड्यावर मांड पक्की, न्याय चोख, आवाज असा की ती देवडीवर बोलली तर वेशीवरचं कुत्रं गप्प बसे. खोड एकच. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाचं काही ऐकायचं नाही. एक दिवस एक जोगी दारात आला. म्हणाला, "राणी, दोन शब्द सांगायचे आहेत." राणी म्हणाली, "मला सांगणारा अजून जन्मायचा आहे." आणि त्याला तीन दिवस उन्हात ताटकळत ठेवला.

चौथ्या दिवशी जोगी उठला. राज्यातले बारा झरे त्याने सतरंजीसारखे गुंडाळले, डोंगरातल्या गुहेत एका रांजणात कोंबले आणि वर दगडी झाकण ठेवलं. मग राणीला टेकडीवर एकटीला गाठून तो म्हणाला, "या गादीच्या राणीने तीन कामं करावीत. वाऱ्याच्या खिंडीतून पेटता दिवा पार न्यावा. दगडी वाघिणीच्या तोंडातून गुहेची किल्ली आणावी. रांजणाचं झाकण सरकवावं. मुदत एक वर्ष. नाही जमलं तर पक्षी होशील. तुझ्यामागून जी बसेल, तिलाही हाच नेम. एक जरी राणी पार पडली तरी शाप सरला."

एवढं सांगून तो गेला. म्हाळसा वाड्यावर आली आणि तिने गावोगाव दवंडी पिटवली. दवंडीत तीन कामं होती, मुदत होती, आणि एक शब्द जास्तीचा होता. "राणीने ही कामं *एकटीने* करावीत. तिला कोणी सल्ला देईल, हात देईल, तो हद्दपार."

जोगी 'एकटीने' म्हणाला नव्हता, बरं का. तो शब्द म्हाळसेने आपल्या पदरचा घातला. उद्या लोकांनी म्हणायला नको, राणीला कुणाची तरी मदत लागली!

पहिली दोन कामं तिने केली. खोटं कशाला बोलू, बाई खरंच हिमतीची. तिसऱ्याला हरली. तीन दिवस झाकण रेटलं, मुदत सरली, आणि जांभळावर पहिली साळुंकी आली.

तेव्हापासून राज्यात पाण्याचे हाल. पावसाचं तळ्यात साठेल तेवढं प्यायचं, फाल्गुन सरला की रिकाम्या घागरी घेऊन हिंडायचं. दर आठ-दहा वर्षांनी देवडीवरचा नगारा आपोआप वाजे. ज्या बाईच्या येण्याने वाजे, ती नवी राणी. तिने वर्षभर एकटीने झुंजायचं आणि शेवटी जांभळावर यायचं. पाच जणी अशाच आल्या. आणि म्हाळसा? तिला माणसाची वाचा होती, पाखरं झाल्या तरी सगळ्या राण्यांना होती. एका वाक्यात सांगता आलं असतं, 'बायांनो, तो शब्द माझा आहे.' पण तिच्या नावाने जत्रा भरत होती. जात्यावर बाया गात होत्या, 'एकटी गेली म्हाळसा, नाही मागे पाहिलं.' झाकली मूठ सव्वा लाखाची! ती मूग गिळून बसली. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तर तिने स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. मला जमलं नाही ते हिला जमलं तर?

मग एका सकाळी नगारा वाजला तो हौसासाठी.

हौसा दोर वळणाऱ्यांच्या घरातली. डोक्यावर दोरखंडांचा भारा घेऊन बाजाराला चालली होती. कारभारी धावत आले, पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "राणीसाहेब, गादीवर चला."

"भारा उतरवायला हात द्या आधी," हौसा म्हणाली.

कारभारी दोन पावलं मागे सरले. "क्षमा असावी. राणीला हात देण्याची मनाई आहे."

"अगंबाई!" हौसा म्हणाली आणि भारा तिथेच टाकून आत गेली.

वाड्यात एक जुनी रीत होती. साळुंक्या बोलतात, आणि बोलणं राणीच्या कानी पडलं तर तो सल्ला होतो, म्हणून चार गोफणवाले दिवसभर त्यांच्यावर खडे मारत. साठ वर्षं हे चाललं होतं, कुणाला वावगं वाटत नव्हतं. हौसाने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं.

"पाखरांनी काय घोडं मारलंय तुमचं?" तिने विचारलं.

"त्या बोलतात, राणीसाहेब."

"मग बोलू द्या की! या एवढ्या वाड्यात माझ्याशी कोण बोलतंय?" आणि तिने गोफणी उतरवून घेतल्या. दुपारी जांभळाखाली वाख पसरून ती दोर वळायला बसली, कारण हात रिकामे राहिले की तिला करमत नसे. दोराचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं पायाच्या अंगठ्यात धरलं, तरी पीळ सुटत होता. ती वर बघून म्हणाली, "बघा, एकीने दोर वळत नाही. एकीने वाख पुरवायचा, एकीने पीळ द्यायचा, एकीने ताण धरायचा. आमच्या घरात सासू-सुनांचं भांडण असलं तरी दोराला तिघी येतात." मग सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं साळुंक्यांनो, तुम्ही कुठे कुठे चुकलात?"

साठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

खालच्या फांदीवरच्या दोघी एकदम बोलायला लागल्या. "मी दिवा पदराआड धरला, तरी विझला!" "मी पळत सुटले, तरी विझला! वारा समोरून येतच नाही गं, पायाखालून येतो!"

"गप्प बसा!" वरून म्हाळसा कडाडली. "दवंडी विसरलात? एकटीने!"

दोघींनी माना आत घेतल्या. हौसाने वर पाहून हात जोडले. "थोरल्या बाई, हद्दपार माणसाला करतात. पाखराला कुठली आली हद्द?"

म्हाळसेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

वारा खालून येतो म्हटल्यावर पुढचं सोपं होतं. हौसाने डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर दिवा ठेवला, आणि पाण्याची घागर न्यावी तशी खिंडीतून चालत गेली. वारा तिच्या घोट्यांशी भांडत राहिला, वर दिवा शांत जळत होता. पलीकडे दिवा ठेवून ती परत आली. पहिलं काम झालं.

परत आली ती थेट जांभळाखाली. दोघी साळुंक्यांना म्हणाली, "तुमच्यामुळे झालं." कारभारी ऐकत होते, गोफणवाले ऐकत होते, तरी मोठ्याने म्हणाली. त्या दोघींनी इतका कलकलाट केला की सगळा वाडा गोळा झाला. म्हाळसा वर पिसं फुगवून बसली होती. तिला आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटत होतं.

दुसरं काम वाघिणीचं. तिथे तिघी हरल्या होत्या. त्यांतली एक बयजा. तीस वर्षांमागे नगारा वाजला तेव्हा बयजा बावीस वर्षांची होती आणि घरी तिची तीन महिन्यांची मुलगी पाळण्यात होती. वाड्यात आली ती परत गेलीच नाही. बाकीच्या कलकल करत, बयजा फार बोलत नसे.

हौसाने तिघींना विचारलं. प्रत्येकीला एकेकच गोष्ट ठाऊक होती. पहिली म्हणाली, "वाघीण डोळे उघडे ठेवून झोपते. मिटले की जागी असते. मी मिटलेले पाहून गेले." दुसरी म्हणाली, "ती झोपल्यावर बरोबर गेले मी, पण काकणं वाजली." तिसरी बयजा. ती म्हणाली, "मी काकणं काढूनच गेले होते. जिभेवर सोन्याची किल्ली होती, ती उचलली. ती खोटी. खरी जिभेखाली असणार, पण हे कळेपर्यंत मला चोच आली होती."

"बयजाक्का, तुझ्या आधीच्या दोघी इथेच बसल्या होत्या," हौसा म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही," बयजा म्हणाली. "विचारायचं नसतं म्हणून दवंडी होती."

वरच्या फांदीवर म्हाळसा ऐकत होती. तिने मान वळवली आणि उगाच पंख साफ करू लागली.

हौसाने काकणं काढून ठेवली, वाघिणीचे डोळे सताड उघडे व्हायची वाट पाहिली, आणि जिभेखाली हात घालून काळी लोखंडी किल्ली काढून आणली. वाघीण घोरत राहिली. दुसरं काम झालं.

तिसऱ्याच्या वेळी ती जांभळाखाली आली आणि वर पाहून म्हणाली, "थोरल्या बाई, रांजणापर्यंत तुम्हीच एकट्या पोचलात. तिथे काय होतं?"

म्हाळसा म्हणाली, "झाकण जड आहे."

"आणि?"

"आणि काय? जोर लाव. मी लावला तसा."

हौसाने खूप वाट पाहिली. मग म्हणाली, "बरं," आणि रोजच्यासारखे सहा जणींना दाणे टाकले. सगळ्यांत वरच्या फांदीजवळ, हात पोचत नाही म्हणून शिडी लावून, म्हाळसेचे दाणे ठेवले. पहिल्या दिवसापासून ठेवत होती. म्हाळसेने एकदा तरी 'बरं केलंस पोरी' म्हणावं की नाही? तेही नाही.

थोरल्या बाई बोलतील या आशेवर दिवस गेले, आणि वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. हौसा किल्ली घेऊन गुहेत गेली, आणि तिच्यामागे साळुंक्या उडत आल्या. कुणाला कोण अडवणार? म्हाळसाही आली. का आली, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

गुहेच्या मध्ये रांजण होता, दोन पुरुष उंच. शेजारी चढायला दगड होता. आत बारा झरे खळखळत होते, त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. हौसाने झाकणाला खांदा लावला. झाकण हलल्यासारखं वाटलं, पण हललं नाही. दुपार झाली. खांदा सोलवटला. तिने पाठ लावली, मग दोन्ही पाय लावले. दिवस कलला. तिच्या मनगटावर एक तपकिरी पीस फुटलं, मग दुसरं.

"कारभाऱ्यांना सांगा," हौसा धापा टाकत म्हणाली, "माझ्यामागून जी येईल, तिच्या वेळी पाखरांवर गोफणी लावू देऊ नका. मी जांभळावरून तिला सगळं सांगेन. झाकणाचं काही समजलं तर तेही सांगेन."

म्हाळसेने हे ऐकलं. साठ वर्षं आपण त्याच जांभळावर बसलो. आपण काय सांगितलं? ही पोर अजून पाखरू झाली नाही, तर पुढच्या पोरीची काळजी करते आहे. म्हाळसेला आपली लाज वाटली, इतकी की फांदी नव्हती म्हणून, नाहीतर पडली असती.

ती कपारीतून खाली उतरली. रांजणाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "थांब पोरी. ऐका सगळ्या. झाकणाचं वजन ठरलेलं नाही. ज्या हाताचा पहिला स्पर्श होतो, त्या हातात जेवढं बळ, त्याहून ते चिमूटभर जड होतं. एकीने कधीच सरकणार नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

बयजा उडत तिच्याजवळ काठावर आली.

"मग जोग्याने एकटीने का सांगितलं?" बयजेने विचारलं.

"जोग्याने नाही सांगितलं. मी सांगितलं. तो शब्द माझा. माझ्या नावाला कुणाचा हात लागू नये म्हणून घातला, आणि पुढे तोंड दाखवायची लाज म्हणून झाकला. तुम्हा पाच जणींचं माणूसपण मी खाल्लं."

मग जो कालवा झाला, तो विचारू नका. पाच साळुंक्या तिच्यावर तुटून पडल्या. बयजा सगळ्यांत पुढे होती. ती ओरडत होती, "माझी तान्ही होती गं घरी! तान्ही होती!" म्हाळसेची पिसं उडाली, ती जागची हलली नाही. एक चोचही तिने उलट मारली नाही.

"बायांनो!" हौसा ओरडली. तिच्या कोपरापर्यंत पिसं आली होती आणि आवाज किलबिलायला लागला होता. "भांडण हक्काचं आहे, घरी जाऊन पोटभर भांडा! आधी झाकण! चिमूटभरच बळ कमी आहे ना? साळुंकीत चिमूटभर असतंच की!"

सगळ्या थबकल्या. मग बयजेने पहिली चोच लावली. दुसरीने लावली, तिसरीने लावली. म्हाळसा बाजूला उभी होती. आपण लावावी की नाही, हे तिला कळत नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा तिने कुणाला तरी विचारलं.

"हौसा, मी येऊ?"

"या की, थोरल्या बाई! वाट कसली बघता?"

सहा चोची आणि एक सोललेला खांदा. झाकण करकरलं, सरकलं आणि खाली पडून फुटलं.

बारा झरे उसळून बाहेर आले आणि आपापल्या वाटेने धावले. एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक तर बयजेच्या माहेरच्या विहिरीत उलटा शिरला. हौसाच्या हातांवरची पिसं गळाली. सहा साळुंक्यांच्या जागी सहा बाया उभ्या राहिल्या, ज्या वयात गेल्या त्याच वयाच्या, ओल्याचिंब. गुहेच्या कोपऱ्यातल्या वारुळातून जोगी उठला, त्याने अंगावरची माती झाडली आणि म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीला साठ वर्षं लावलीत." मग तो निघून गेला, पुन्हा दिसला नाही.

वेशीवर सगळं राज्य जमलं होतं. गर्दीतून तीस वर्षांची एक बाई पुढे आली, कडेवर मूल, आणि तेवीस वर्षांच्या बयजेसमोर उभी राहिली. नाकं अगदी सारखी. आई लहान, लेक मोठी, आणि नातू कडेवर. बयजेने नातवाला घेतलं आणि दोघी रस्त्यातच बसून रडल्या. कुणी त्यांना उठवलं नाही.

म्हाळसा चाळीस वर्षांची होती, ताठ, देखणी. लोकांनी तिला ओळखलं आणि एकच गजर करत वाड्यावर नेलं. कारभारी म्हणाले, "थोरल्या राणीसाहेब, गादी आपली. बसावं." हौसा तर खरंच बाजूला सरकली. म्हणाली, "बसा की. मला दोर वळायचे आहेत."

म्हाळसेने एकदा गादीकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून जे गुहेत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, देवडीवरून, वेशीपर्यंत जाणाऱ्या आवाजात. काही लपवलं नाही. जत्रा तिथेच संपली. लोकांच्या माना खाली गेल्या, कुणी थुंकलं, कुणी शिवी दिली. तिने ती ऐकून घेतली. शेवटी बयजा नातवाला घेऊन पुढे आली.

"माझी तीस वर्षं तू परत देऊ शकत नाहीस," बयजा म्हणाली.

"नाही देऊ शकत."

"मला तुझा राग आहे. बहुतेक राहीलही." बयजेने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पण घोड्यावर मांड कशी टाकायची ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही. ते हिला शिकव. आणि आता जेवायला चल, सगळ्या भुकेल्या आहोत."

अशी व्यवस्था लागली. गादीवर हौसा. गादीशेजारी पाटांवर सहा जणी बसत, आणि जिला जे येई ते ती सांगे. म्हाळसेने हौसाला घोडा शिकवला, न्याय शिकवला, सरदाराच्या डोळ्यांत बघून नाही कसं म्हणायचं ते शिकवलं. ती वसवसायची, पण शिकवायची. पाटावर बसायला येणाऱ्या मुलींना नगाऱ्याची वाट पाहावी लागत नसे. गावोगावच्या पोरी यायच्या, ऐकायच्या, प्रश्न विचारायच्या.

पाच वर्षं झाली. एके दिवशी दोन गावं झऱ्याच्या पाण्यावरून भांडत दरबारात आली. मोठा गुंतागुंतीचा तंटा. म्हाळसेला उत्तर लगेच दिसलं. ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं, आणि ती हौसाने वळून बघायची वाट पाहू लागली. पाच वर्षं हौसा प्रत्येक वेळी वळून बघत आली होती.

हौसा वळली नाही. तिने दोन्ही गावांना तीन प्रश्न विचारले. चौथा विचारला, तो तर म्हाळसेला सुचलाच नसता. मग तिने पाटावरच्या एका पोरीला विचारलं, "तुला काय वाटतं?" पोरीने सांगितलं, थोडं चुकलं, हौसाने तिला पुन्हा विचार करायला लावलं, आणि पोरीने बरोबर सांगितलं. निकाल लागला. म्हाळसेच्या मनात होता त्याहून चांगला निकाल लागला. दोन्ही गावं हसत गेली.

म्हाळसेला क्षणभर कसंसंच झालं. कुणी विचारलं नाही! मग तिने हौसाकडे पाहिलं, त्या पोरीकडे पाहिलं, आणि तिचा जीव असा भरून आला की शेजारी बसलेल्या बयजेचा हात तिने धरला. बयजेने तो सोडवून घेतला नाही.

"मला जमलं नसतं ते हिला जमलं," म्हाळसा म्हणाली.

"हो," बयजा म्हणाली. "रडू नकोस, पोरी बघतायत."

त्या दिवशी म्हाळसा दोन भाकऱ्या जास्त जेवली आणि दुपारभर गाढ झोपली. त्या राज्याचे झरे जसे मोकळे झाले, तसे तुमचे आमचेही होवोत.